बॉम्बे हायचे तेल: ओएनजीसी शोधते कसे, उपसते कसे

पेट्रोल पंपांवर इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांच्या पाट्या दिसतात. ओएनजीसीची पाटी सहसा दिसत नाही. त्यामुळे तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळ नेमके काय करते, याविषयी अनेकांची कल्पना धूसर असते. जमिनीखाली किंवा समुद्रतळाखाली कच्चे तेल आणि वायू कुठे असू शकतील याचा अंदाज बांधायचा, विहीर खोदून तो पडताळून पाहायचा, तेल लागले तर ते वर्षानुवर्षे बाहेर काढायचे आणि शुद्धीकरण कारखान्यांना विकायचे, हा या कंपनीचा मूळ व्यवसाय. तेल लागल्याची बातमी गाजते, तिचे फोटो छापून येतात. परंतु तेलक्षेत्राचे भवितव्य त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत, ते तेल किती वेगाने आणि किती जपून उपसले यावर ठरते. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात सुमारे 160 किलोमीटरवर असलेल्या बॉम्बे हाय क्षेत्राच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी पाहायला मिळतात, म्हणून या लेखाचा भर त्याच क्षेत्रावर आहे.

भारतातील तेलाचा इतिहास ओएनजीसीपेक्षा बराच जुना आहे. आसामात दिग्बोई येथे 1889 मध्ये तेल लागले आणि 1901 मध्ये तेथे शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. स्वातंत्र्यानंतरही देशातील तेलाचा व्यापार मात्र बर्मा शेल, स्टॅनव्हॅक आणि कॅल्टेक्स या परदेशी कंपन्यांच्याच हाती होता. मुंबईत ट्रॉम्बे येथे 1954 आणि 1955 मध्ये जे दोन मोठे कारखाने सुरू झाले, तेही याच कंपन्यांचे होते आणि त्यांच्यात आयात केलेले कच्चे तेल शुद्ध होत असे. आखातात मुबलक आणि स्वस्त तेल हाताशी असताना भारताच्या भूगर्भात पैसे ओतण्याची या कंपन्यांना घाई नव्हती, आणि भारतात फारसे तेल नाही असे मत त्या काळी सर्रास मांडले जाई.

केशवदेव मालवीय या केंद्रीय मंत्र्यांना हे मत मान्य नव्हते. त्यांच्या पुढाकाराने 1955 मध्ये तेल व नैसर्गिक वायू संचालनालय स्थापन झाले, 14 ऑगस्ट 1956 रोजी त्याचे आयोगात रूपांतर झाले आणि 1959 च्या कायद्याने त्या आयोगाला वैधानिक दर्जा मिळाला. मुख्यालय डेहराडूनला होते. पाश्चात्य कंपन्यांकडून मदत मिळण्याची आशा नसल्याने सोव्हिएत तज्ज्ञांना बोलावण्यात आले. कालिनिन यांच्या नेतृत्वाखालील पथकाने देशभर फिरून दिलेला अहवाल आशादायक होता. पहिली विहीर 1957 मध्ये आजच्या हिमाचल प्रदेशातील ज्वालामुखी या गावी खोदली गेली. जमिनीतून निघणाऱ्या वायूच्या ज्योतींसाठी ते देवस्थान शतकानुशतके प्रसिद्ध आहे, तरी धंद्याला पुरेल एवढे तेल तेथे मिळाले नाही. मिळाले ते आजच्या गुजरातमध्ये, खंबातजवळ लुणेज येथे, 1958 मध्ये. त्या वेळी हा सारा भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात होता, म्हणजे ओएनजीसीचे पहिले तेल मुंबई राज्याच्याच हद्दीत लागले. मे 1960 मध्ये, राज्याचे विभाजन होऊन दोनच आठवडे झाले असताना, अंकलेश्वरचे मोठे क्षेत्र हाती आले आणि नवख्या आयोगाचे पाय जमिनीवर रोवले गेले.

समुद्राकडे वळण्यापूर्वी तेल भूगर्भात कसे असते हे समजून घेणे आवश्यक आहे. जमिनीखाली तेलाचे तळे असते आणि पंप लावला की ते वर येते, ही समजूत फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात तेल घट्ट खडकात, त्याच्या सूक्ष्म छिद्रांमध्ये असते. पाण्यात बुडवून काढलेली वीट बाहेरून कोरडी दिसली तरी तिच्या अंगात पाणी मुरलेले असते, तसेच हे असते. तेलक्षेत्र तयार होण्यासाठी चार गोष्टी एकाच ठिकाणी आणि योग्य क्रमाने जुळून याव्या लागतात. सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असा उगमखडक हवा, तो पुरेसा खोल गाडला जाऊन त्यातील द्रव्य भूगर्भातील उष्णतेत शिजलेले हवे, सुटलेले तेल साठू शकेल असा सच्छिद्र खडक जवळ हवा आणि त्यावर तेल निसटू न देणारा घट्ट थर घुमटासारखा वाकलेला हवा. यांपैकी एक जरी हुकली तरी कोट्यवधी रुपये खर्चून खोदलेली विहीर कोरडी निघते.

बॉम्बे हायखाली या चारही गोष्टी जुळल्या. तेथे तळाशी काही भागात दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे, म्हणजे ज्या लाव्हापासून सह्याद्री घडला त्याच लाव्हाचा बुडालेला पसारा. त्यावर जुन्या समुद्राचे आणि दलदलीचे गाळथर साचले, त्यांतील शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला थरदार खडक, हा उगमखडक ठरला, आणि त्याहून वर मायोसीन काळात, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी, उथळ उबदार समुद्रात चुनखडक तयार झाला. तेल मुख्यतः या चुनखडकात आहे. त्याच्यावरच्या शेलच्या थरांनी ते आत कोंडून ठेवले. रायगड किल्ल्याच्या कड्यात दिसणारा दगड आणि बॉम्बे हायच्या पायथ्याचा दगड एकाच घराण्याचे आहेत, ही गोष्ट आपल्या शाळांच्या भूगोलाच्या तासाला आवर्जून सांगायला हवी असे मला मनापासून वाटते.

हे सगळे वरून, पाण्याच्या थरातून, ओळखायचे कसे? त्यासाठी भूकंपीय सर्वेक्षण केले जाते. सर्वेक्षणाचे जहाज ठरावीक अंतराने दाबलेल्या हवेचा स्फोट पाण्यात सोडते. त्याच्या लहरी समुद्रतळातून खाली जातात, प्रत्येक थराच्या सीमेवरून थोड्याथोड्या परततात आणि जहाजामागे कित्येक किलोमीटर लांब ओढलेल्या केबलींवरील संवेदक त्या टिपतात. लहर परतायला लागलेल्या वेळेवरून थरांची खोली आणि वळणे काढता येतात. खंबातच्या आखातात आणि लगतच्या समुद्रात हे काम 1963-64 पासून ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाच्या मदतीने सुरू झाले आणि त्यातून मुंबईच्या पश्चिमेला समुद्रतळाखाली एक अवाढव्य उंचवटा असल्याचे कळले. सर्वेक्षणाची एक बाजू किनाऱ्यावर राहणाऱ्यांना जास्त जाणवते. ज्या पट्ट्यात जहाज काम करते तेथे जाळी टाकता येत नाहीत, आणि पालघर-वसई भागातील मच्छीमारांनी यासाठी वेळोवेळी विरोध नोंदवून भरपाई मागितली आहे. ऐन हंगामात समुद्र बंद राहिला तर त्यांच्या वर्षाच्या कमाईला खिंडार पडते, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे.

नकाशावर घुमट दिसला तरी त्यात तेल आहे की नुसते खारे पाणी, हे विहिरीशिवाय समजत नाही. खुल्या समुद्रात खोदण्याची साधने भारताकडे नव्हती. 1970 मध्ये भावनगरजवळ अलियाबेट येथे उथळ पाण्यात पहिली समुद्री विहीर खोदली गेली, परंतु बॉम्बे हायवर सुमारे 75 मीटर खोल पाणी होते. त्यासाठी जपानमध्ये मित्सुबिशीकडून ‘सागर सम्राट’ ही रिग, म्हणजे समुद्रात विहीर खोदणारे अवजड यंत्र, बांधून घेण्यात आली. ही जॅक-अप प्रकारची रिग आहे. ती तरंगत जागेवर जाते, आपले लांबलचक पोलादी पाय समुद्रतळावर टेकवते आणि मग त्या पायांवर स्वतःचे धड लाटांच्या वर उचलून घेते. ऑक्टोबर 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले होते, भारताची परकीय चलनाची गंगाजळी आटत होती, आणि अशा वेळी फेब्रुवारी 1974 मध्ये सागर सम्राटच्या पहिल्याच विहिरीत तेल लागले. एक रुपयाच्या नोटेच्या मागच्या बाजूला जे समुद्रातील यंत्राचे चित्र आहे, ते याच रिगचे.

विहीर खोदणे म्हणजे काय, हे जवळून पाहिले की या कामातील कसब कळते. जोडत-जोडत लांब केलेल्या पोलादी नळाच्या टोकाला कठीण दातांचे बिट असते आणि ते फिरत-फिरत खडक फोडते. त्याच वेळी नळाच्या पोकळीतून ‘मड’ नावाचा दाट द्रव खाली सोडला जातो. हा साधा चिखल नव्हे. त्यात बेंटोनाइट माती, वजनासाठी बॅराइट आणि इतर रसायने मोजून मिसळलेली असतात. तो बिटच्या भोकांतून बाहेर पडतो, बिट थंड करतो आणि फुटलेल्या खडकाचा चुरा घेऊन नळाभोवतीच्या पोकळीतून वर येतो. वर हलत्या चाळणीवर चुरा वेगळा होतो, भूवैज्ञानिक तो ठरावीक खोलीगणिक धुऊन पिशव्यांत भरतात आणि अतिनील दिव्याखाली तपासतात, कारण तेलाचा अंश असेल तर त्या प्रकाशात तो चमकतो. परंतु मडचे सर्वांत महत्त्वाचे काम त्याच्या वजनाचे आहे. खडकातील द्रवाच्या दाबाला हा द्रवस्तंभ वरून तोलून धरतो. वजन कमी पडले तर वायू उसळून वर येतो, जास्त झाले तर खडकच तडकतो आणि मड त्यात नाहीसे होते. म्हणून रिगवर मडच्या घनतेकडे रात्रंदिवस लक्ष ठेवावे लागते. काही अंतर खोदून झाले की विहिरीत पोलादी आवरण उतरवून त्यामागे सिमेंट भरतात, आणि तोंडाशी आणीबाणीत विहीर बंद करणारी अवजड झडपांची रचना बसवलेली असते. ही व्यवस्था अपुरी पडली तर काय होते, हे गोदावरीच्या मुखप्रदेशात पासरलापूडी येथे 1995 मध्ये दिसले. तेथील पेटलेली विहीर विझवायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला.

बॉम्बे हायचे उत्पादन 21 मे 1976 रोजी सुरू झाले. शोधापासून अवघ्या सव्वादोन वर्षांत खुल्या समुद्रातून तेल काढणे ही त्या काळातील भारतीय अभियंत्यांची मोठी कामगिरी होती. विहिरी विखुरलेल्या, लहान, बहुधा माणसे नसलेल्या प्लॅटफॉर्मवर असतात. त्यांच्यातून निघणारे मिश्रण समुद्रतळावरील नळांतून प्रक्रिया प्लॅटफॉर्मवर येते आणि तेथील मोठ्या टाक्यांमध्ये तेल, वायू आणि पाणी वेगळे केले जाते. पाणी स्वच्छ करून सोडतात. तेल आणि वायू वेगवेगळ्या नळवाहिन्यांतून सुमारे 200 किलोमीटर प्रवास करून उरणला पोहोचतात. उरणच्या प्रकल्पात तेलात उरलेला वायू काढून ते स्थिर केले जाते आणि वायूतून स्वयंपाकाचा एलपीजी वेगळा काढला जातो. पुढे तेल ट्रॉम्बेच्या कारखान्यांकडे जाते. अलिबागजवळील थळचा खत कारखाना आणि उरणचे वायुविद्युत केंद्र उभे राहिले ते याच वायूच्या जोरावर. शेतात पडणारा युरिया अशा रीतीने बॉम्बे हायशी जोडलेला आहे.

आता या क्षेत्राच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा भाग. खडकातील तेल सुरुवातीला स्वतःच्या दाबाने वर येते. त्या तेलात वायू विरघळलेला असतो आणि जोवर दाब पुरेसा असतो तोवर तो विरघळलेलाच राहतो. उपसा वाढत गेला की दाब घटतो, एका मर्यादेखाली गेला की वायू सुटा होतो, आणि वायू तेलापेक्षा कितीतरी हलका व चपळ असल्याने छिद्रांतून वाट काढत विहिरीकडे आधी धावतो. विहिरीतून मग तेलाऐवजी वायूच अधिक येऊ लागतो, ऊर्जा संपते आणि जड झालेले तेल खडकातच अडकून पडते. त्यामुळे दाब हे तेलक्षेत्राचे खरे भांडवल आहे. तो टिकवण्यासाठी समुद्राचे पाणी गाळून, त्यातील प्राणवायू काढून आणि जंतुनाशक मिसळून वेगळ्या विहिरींतून खडकात दाबाने भरले जाते. प्राणवायू काढला नाही तर नळ गंजतात आणि जंतू मारले नाहीत तर खडकाची छिद्रे बुजतात.

बॉम्बे हायवर पाणी भरण्याचे हे काम 1980 च्या दशकाच्या मध्यास सुरू झाले, परंतु उपशाच्या वेगाशी त्याचा मेळ बसला नाही. त्या दशकात देशाच्या गरजेपैकी जवळपास दोनतृतीयांश तेल देशातच निघत होते, प्रत्येक जादा टनामागे परकीय चलन वाचत होते आणि वर्षागणिक वाढती उद्दिष्टे ठरत होती. 1989-90 मध्ये बॉम्बे हायचे उत्पादन सुमारे 2 कोटी टनांवर आणि देशाचे एकूण उत्पादन सुमारे 3.4 कोटी टनांवर पोहोचले. पुढच्या तीन वर्षांत देशाचे उत्पादन सुमारे 2.7 कोटी टनांपर्यंत घसरले. बॉम्बे हायच्या अनेक विहिरींतून वायूचे प्रमाण इतके वाढले की त्या बंद ठेवाव्या लागल्या, आणि क्षेत्र नको तेवढ्या वेगाने उपसले गेले अशी टीका झाली. घसरण नेमकी अशा वर्षांत आली जेव्हा 1991 च्या संकटात देशाला परकीय चलनाची सर्वाधिक गरज होती. माझ्या मते हा दोष एखाद्या अभियंत्याचा नव्हता. वार्षिक उद्दिष्टाच्या तक्त्यात यंदाचे टन दिसतात. खडकात कायमचे अडकून पडणारे तेल त्या तक्त्याच्या कोणत्याच रकान्यात दिसत नाही. 2000 नंतर पुनर्विकासाच्या योजना हाती घेण्यात आल्या. त्रिमितीय सर्वेक्षणाने खडकाचे नवे चित्र काढण्यात आले, जुन्या विहिरींच्या बाजूने नव्या वाटा फोडण्यात आल्या, आडव्या विहिरी खोदण्यात आल्या आणि घसरण थोपवण्यात बरेच यश आले.

या सगळ्यामागे हजारो माणसे आहेत. प्लॅटफॉर्मवरील कर्मचारी साधारणपणे चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी असे राहतात. त्यांची ने-आण जुहूहून हेलिकॉप्टरने होते, तर सामान न्हावा येथील तळावरून जहाजाने जाते. धोका कायम असतो. 27 जुलै 2005 रोजी, मुंबई बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, खवळलेल्या समुद्रात ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज एका जखमी स्वयंपाक्याला उपचारासाठी उतरवायला बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळ आले आणि वायू वाहून नेणाऱ्या उभ्या नळावर आदळले. वायूने पेट घेतला, सुमारे दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म नष्ट झाला आणि 22 जणांचा जीव गेला. 362 जणांना वाचवण्यात आले. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळात पी-305 ही कामगारांच्या निवासाची बार्ज (सपाट तळाची नौका) आणि एक टग (ओढबोट) बुडून 80 हून अधिक माणसे मरण पावली. त्यांच्यापैकी बहुतेक जण कंत्राटदारांकडे काम करणारे होते. वादळाचा इशारा आधी मिळालेला असताना ही माणसे समुद्रात का राहिली, हा प्रश्न त्यांच्या कुटुंबांनी विचारला आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

कंपनी म्हणून ओएनजीसीचे रूपही बदलत गेले. 1993 मध्ये तिची कंपनी म्हणून नोंदणी झाली, फेब्रुवारी 1994 पासून आयोगाचा कारभार तिच्याकडे आला आणि 2010 मध्ये तिला मोठ्या सरकारी कंपन्यांना अधिक स्वायत्तता देणारा महारत्न दर्जा मिळाला. ओएनजीसी विदेश ही तिची शाखा रशियातील सखालिन, सुदान, व्हिएतनाम आणि मोझांबिक येथील क्षेत्रांत भागीदार झाली. 2018 मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियममधील सरकारचा 51.11 टक्के हिस्सा तिने 36,915 कोटी रुपयांना विकत घेतला. तो व्यवहार सरकारच्या निर्गुंतवणुकीच्या उद्दिष्टाला सोयीचा होता; मात्र शोधकार्यासाठी वापरता आली असती अशी रोकड त्यात गेली, हे नाकारता येत नाही. त्याआधी, साधारण 2015 पर्यंत, दहा-बारा वर्षे स्वयंपाकाचा गॅस, रॉकेल आणि डिझेल स्वस्त ठेवण्याचा बोजाही या कंपनीने कच्चे तेल सवलतीत विकून उचलला होता, आणि जुलै 2022 ते डिसेंबर 2024 या काळात तेलाच्या चढ्या भावावर तिला विशेष कर भरावा लागला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने एक मुद्दा येथे स्पष्ट करायला हवा. जमिनीवरील तेलाचे स्वामित्वधन (रॉयल्टी) त्या-त्या राज्याला मिळते, म्हणून गुजरात आणि आसाम यांना ते मिळते. समुद्राखालील खनिजे मात्र संविधानाच्या अनुच्छेद 297 नुसार केंद्राच्या मालकीची असतात. बॉम्बे हायचे स्वामित्वधन त्यामुळे केंद्राकडे जाते, महाराष्ट्राकडे नाही. उरणच्या ज्या गावांनी प्रकल्पाला जमिनी दिल्या, ती गावे नळवाहिन्या आणि आगीचा धोका शेजारी घेऊन राहतात. 3 सप्टेंबर 2019 रोजी त्या प्रकल्पातील आगीत चौघांचा बळी गेला होता.

आज भारत आपल्या गरजेच्या 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. देशात वर्षाला जेमतेम 3 कोटी टन तेल निघते आणि त्यातील मोठा वाटा अजूनही ओएनजीसीचा आहे. नवी भर पूर्व किनाऱ्यावरील कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून पडते आहे. तेथील खोल पाण्यातील केजी-98/2 क्षेत्रातून जानेवारी 2024 मध्ये पहिले तेल निघाले. बॉम्बे हायसाठी जानेवारी 2025 मध्ये बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक सेवा देणारी भागीदार म्हणून निवड झाली. मालकी आणि नियंत्रण ओएनजीसीकडेच राहणार असून बीपीचा मोबदला मुख्यतः वाढीव उत्पादनातून मिळणाऱ्या उत्पन्नाशी जोडलेला आहे.

पन्नास वर्षे जुन्या क्षेत्रात आणखी एक काम वाट पाहत आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. निकामी झालेली प्रत्येक विहीर वेगवेगळ्या खोलींवर सिमेंटचे बोळे ठोकून कायमची बंद करावी लागते, नळवाहिन्या धुऊन काढाव्या लागतात आणि प्लॅटफॉर्म कापून किनाऱ्यावर आणावे लागतात. मुंबईच्या उत्तरेला असलेल्या ताप्ती वायूक्षेत्रात हे काम भारतीय समुद्रात पहिल्यांदा झाले. त्यासाठीचा पैसा क्षेत्र चालू असतानाच, त्याच्या उत्पन्नातून, वेगळ्या निधीत बाजूला ठेवायचा असतो. बॉम्बे हाय आणि आसपासच्या क्षेत्रांतील अनेक प्लॅटफॉर्म त्यांच्या मूळ आराखड्यातील आयुष्य ओलांडून दुरुस्तीच्या आधारावर उभे आहेत, त्यामुळे नव्या विहिरींच्या खर्चाबरोबर या निधीची तरतूद किती केली आहे, तेही ओएनजीसीच्या वार्षिक अहवालात दरवर्षी पाहण्यासारखे असते.